राखणदाराचा उपास

माशाचं नाक आमच्याकडे आलं ते दुपारच्या एसटीने, थर्माकोलच्या खोक्यात. साल दोन हजार त्रेचाळीस. एसटी तेव्हा विजेवर धावू लागली होती, पण कंडक्टर जुन्याच बनावटीचे होते. खोक्यावर 'आत जिवंत पेशी आहेत, आपटू नये' असं तीन भाषांत छापलं होतं, आणि त्या बाबाने तिन्ही भाषांना सारखाच मान देऊन ते माझ्या पायाशी आपटलं. मी खोकं उराशी धरून आयेच्या पडवीत धावले, झाकण उघडलं आणि यंत्राला कान लावला. टिक, टिक, टिक. नाक जिवंत होतं.

"ह्या काय गो?" आयेने विचारलं. ती उंबऱ्यावर बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती.

"पाल्याचा नाक."

"नाक इला? आणि पालो खंय असा?"

आमची आये अशीच. सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, पण नेमकं दुखतं तिथे बोट ठेवायची सवय काही जात नाही. पाला कुठे आहे, हेच तर शोधायचं होतं, आणि माझ्या हातात त्यासाठी जेमतेम एक पावसाळा उरला होता.

माझं माहेर दांडा, वारळी नदीच्या मुखाशी. सासर सुरंगवाडी, त्याच नदीवर अठरा किलोमीटर वर, पोफळीच्या बागांत. दांड्याची म्हातारी माणसं सांगत की चाळीस वर्षांपूर्वी पावसाळ्यात पाला समुद्रातून वारळीत शिरायचा आणि इतका चढायचा की वल्हं मारलं तर माशावर बसायचं. गोड्या पाण्यात अंडी घालायचा. पिल्लं दोनतीन महिने नदीत वाढायची, कार्तिकात समुद्रात उतरायची आणि दोन वर्षांनी मोठी होऊन बरोबर आपल्याच नदीत परत यायची. मग एके वर्षी आली नाहीत. त्यानंतर कधीच नाही.

मी मत्स्य संशोधन केंद्रात तांत्रिक सहायक. पाला परत आणायची योजना केंद्राची, पण पिल्लं कुठे वाढवायची ती जागा मी सुचवलेली. सुरंगवाडीत राखणदाराचा कोंड आहे. नदीतला खोल डोह, काठावर राखणदाराची पाषाणी. तिथले मासे देवाचे, त्यांना कोणी हात लावत नाही. पिल्लांना याहून सुरक्षित घर कुठलं? मागच्या वर्षी परराज्यातल्या नदीतून आणलेली वीस हजार पिल्लं आम्ही कोंडात जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवून कार्तिकात सोडली. ती खाडीच्या मुखाशी पोचली आणि संपली. यंदाची तीस हजार ही शेवटची. हीसुद्धा गेली तर योजना बंद, असं केंद्राने लेखी कळवलं होतं.

मागच्या वर्षीचा तो संहार आयेने होडीतून डोळ्यांनी पाहिला होता. "पोरा खुळ्यासारी करी होती गो," ती सांगायची. "तांबोशी तोंड उघडून समोर, आणि ही पळाचा सोडून थंयच घुटमाळतत." तांबोशी म्हणजे खाडीतला पिल्लं खाणारा मोठा तांबडा मासा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, पण आये एकदाही माझ्या सासरी आली नव्हती. त्याआधी तीस वर्षं दर मंगळवारी ती त्याच दारात मासे विकायला जायची. भरलेली पाटी एकटीला डोईवरून उतरवता येत नाही. दारातलं कोणीतरी पुढे होऊन हात लावतं. परबांकडे ते काम गडी करायचा. माझे सासरे अप्पा परब, गावचे मानकरी, ओसरीवरून कधी उठले नाहीत. व्याही झाल्यावर आयेने ती वाटच सोडली. "पाटी घेवन व्याह्याच्या दारात जावचा बरा दिसना नाय, आणि पाटयेशिवाय त्या वाटेक माझे पाय चलनत नाय," म्हणायची. योजना सुरू झाली तेव्हा मात्र तिने मला एक शब्द दिला होता. "पालो येवंदे. पयलो पालो पाटयेत घालून मी तुझ्या सासऱ्याच्या दारात येतलंय. बगूया पाटी कोण उतरवता."

त्यामुळे माझ्यापुरता पाला हा नुसता मासा राहिला नव्हता.

*

आता त्या नाकाविषयी. माशाच्या नाकात एक पातळ पडदा असतो आणि त्यावर लाखो पेशी. पाण्यातला एखादा कण पेशीला लागला की ती विजेचा बारीकसा ठोका देते, आणि मेंदू त्या ठोक्यांचा ताल वाचतो. प्रत्येक नदीचा ताल निराळा. तिची माती, तिच्यात कुजणारी पानं, दगडांवरचं शेवाळ, सगळं मिळून तो ठरतो. पिल्लू लहानपणी हा ताल पाठ करतं आणि मोठेपणी समुद्रातून त्याच्याच मागावर घरी येतं. जीवही वाचतो तो नाकामुळेच. एखाद्या पिल्लाचा मोठ्या माशाने चावा घेतला की त्याच्या कातडीतून एक द्रव्य पाण्यात सुटतं, त्याचा वास लागताच बाकीची क्षणात पांगतात. नाक गेलं की घर गेलं आणि भीतीही गेली.

केंद्रातल्या डॉक्टर लोबोबाईंनी पाल्याच्या नाकातल्या पेशी काचेच्या चकतीवर वाढवल्या आणि खाली केसाहून बारीक तारा बसवल्या. वरून पाणी सोडलं की पेशी ठोके देतात आणि यंत्र ते आपल्याला ऐकवतं. पाण्याची तपासणी आधीही होत होती, अहवाल दरवर्षी 'समाधानकारक' येत होता. पण तो माणसाच्या पिण्यापुरता. माशाला काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. कागदोपत्री यंत्राचं नाव भलं लांबलचक होतं. गावाने त्याला 'नाकाडो' म्हटलं आणि विषय मिटवला.

दोष कुणाचा, याबद्दल दांडा आणि सुरंगवाडी यांचं इतिहासात पहिल्यांदाच एकमत होतं. घाटाच्या पायथ्याशी औषधांचा एक कारखाना होता. मोर्चाचे फलकसुद्धा रंगवून तयार होते, फक्त माझ्या नाकाड्याने मान डोलवायची बाकी होती. मी खाडीपासून वर निघाले, दर किलोमीटरला पाणी घेत. टिक, टिक, टिक. कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा खरं सांगते, ठोके बंद पडावेत म्हणून मी मनातल्या मनात नवस बोलत होते. टिक, टिक, टिक. तीन दिवस, तीन वेळा. नाक ठणठणीत.

लोबोबाईंना फोन केला. "यंत्र बिघडलंय बहुतेक," मी म्हटलं.

"यंत्र बिघडलं नाहीये, तुझा अंदाज बिघडलाय," त्या म्हणाल्या. "पुढे चाल."

पुढे म्हणजे सुरंगवाडी. माझ्या सासरचा कोंड. तिथेही पाणी निवळशंख आणि ठोके खणखणीत. मग मागच्या वर्षीची पिल्लं खुळी झाली ती कशाने? मी पिंजऱ्यांजवळ पाषाणीच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते. इतक्यात अप्पा आले, हातात केळीच्या पानावर नैवेद्याचा भात घेऊन. वय शहात्तर, पाठ ताठ. रोज सकाळी देवाच्या माशांना भात घालायचा मान त्यांचा. माझ्या पिल्लांकडेही ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचे, पण तसं कबूल करायचे नाहीत.

"सुनबाय," ते म्हणाले, "तुझ्या पोरांका ह्या चार दिसांत काय ता पोटभर घाल. येत्या सोमवारी धुणवळ. मगे राखणदार उपासाक बसतलो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? बारा वर्सा ह्या घरात असंस आणि म्हायती नाय? धुणवळ झाली की पंधरा दीस देवाचे मासे शिताक तोंड लावनत नाय. गावाचा सगळा इख राखणदार पोटात घेता, म्हणान तेचो उपास."

त्यांनी भात टाकला. मोठाले खडस मासे वर येऊन शितं गिळू लागले. मी पायरीवरून उठले. मासे उपास करत नाहीत. समोर पडलेलं खायचं आहे, हे त्यांना वासाने कळतं.

*

धुणवळ म्हणजे काय, ते मला चांगलंच माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवी सून म्हणून मी स्वतः कासोटा मारून तीत उतरले होते.

पोफळीला पावसात बुरशी लागते आणि कोवळ्या सुपाऱ्या गळून पडतात. त्यावर औषध एकच, मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी. आषाढ-श्रावणात पाडेली झाडावर चढून ते घोसांवर फवारतात. शेवटची फवारणी झाली की गौरी-गणपती उरकून येणाऱ्या सोमवारी सगळी वाडी आपापले डबे, पंप, नळ्या घेऊन कोंडावर जमते, ते धुते आणि राखणदाराला नारळ देते. यामागे विचार होता, आणि चांगला होता. व्हाळात धुवावं तर तिथे गुरं पाणी पितात. परसात धुवावं तर पाणी विहिरीत झिरपतं. कोंडातले मासे मात्र कोणीच खात नाही, तेव्हा तिथे धुतलं की विष कुणाच्याच पोटात जाणार नाही. आमच्या गावाने माणसांचा, गुरांचा, विहिरींचा विचार केला होता. फक्त ज्यांना देवाचे म्हणत होतो त्यांचा राहून गेला.

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये त्याची एक चिमूट पडली तर माणसाला पत्ता लागणार नाही, मासाही मरणार नाही. पण त्याच्या नाकातल्या पेशी बधिर होतील. गावात त्रेसष्ट घरांचे डबे होते. सगळे एकाच दिवशी, एकाच डोहात धुतले जात. तळच्या वाळूत मुरलेलं तांबं मग पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं सुटत राही. आणि नेमक्या त्याच दिवसांत माझी पिल्लं आपल्या नदीचा ताल पाठ करत असत. पिंजरे उचलून दुसरीकडे न्यावेत तर तेही शक्य नव्हतं. आणली तेव्हा ती खवलेही न आलेली होती; आता पिंजरा हलवताना जाळीला घासली तरी खवले सांडून मेली असती.

खात्री म्हणून मी आमच्याच पडवीतल्या डब्यातलं तळाचं निळं पाणी घेतलं, त्याचा एक थेंब बादलीभर कोंडाच्या पाण्यात टाकला आणि ते नाकाड्यावर सोडलं. ठोके अडखळले, मंदावले आणि थांबले.  तोच डबा मी बारा वर्षांपूर्वी हौसेने घासला होता, आणि अप्पांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

आयेला फोन केला.  मला वाटलं, आता दांड्याहून मोर्चाची दिशा बदलेल.

"कारखान्याचो दोष नाय तर नाय," ती म्हणाली. "खोटी खूण बगून जाळा घालूचा नसता. पण आयक मृणा, पयला घरात सांग. मगे गावात."

घरात सांगितलं. दुपारची जेवणं झाल्यावर, ओसरीवर. कौस्तुभ, माझा नवरा, पुढचं ओळखून आधीच खांबाला टेकून उभा राहिला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि पानाचा डबा मिटला.

"राखणदाराच्या कोंडात इख आमी घालतंव, असा म्हणणा तुझा?"

"अप्पा, जाणून नाय..."

"आजापणज्यापासूनची वहिवाट ही!"

"आजापणज्याच्या काळात मोरचूद होता?" मी विचारून बसले. तोंडातून शब्द गेला की गेला. "तेवा कोंडात काय धुवायचे?"

अप्पा थबकले. "कोयते," ते म्हणाले. "कोयते आणि दोर."

"मग डबे कोणी आणले पयले?"

अप्पा उठून आत गेले. उत्तर मला कौस्तुभने नंतर सांगितलं. गावातला पहिला पंप आणि पहिला डबा चाळीस वर्षांपूर्वी अप्पांनीच आणला होता. फळगळीने बागा बसल्या होत्या, माणसं गाव सोडून निघाली होती. अप्पांनी फवारणी शिकवली आणि वाडी उभी राहिली. मानकरीपण त्यांना वारशाने मिळालेलं, पण मान मिळाला तो त्या डब्याने. तोच डबा आता सून त्यांच्यासमोर आरोपी म्हणून उभा करत होती.

"थोडं दमाने घे ना," कौस्तुभ म्हणाला. "यंदाची धुणवळ होऊन जाऊ दे, पुढच्या वर्षी समजावू त्यांना."

"पुढच्या वर्षी पिल्लं कुठून आणू? तुझ्या खिशातून?" मी म्हटलं. त्यानंतर घरात तिघंजण तीन दिशांना तोंड करून जेवत होतो. तीन दिवस अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. चहा ठेवला तर पीत, पण कप दुसऱ्याच्या हातून परत येई. मला फार एकटं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

*

सोमवारी लख्ख ऊन पडलं. सगळी वाडी कोंडावर जमली, त्रेसष्ट डबे ओळीने मांडले गेले. मी पहाटे उठून नाकाडो पाषाणीजवळच्या सपाट दगडावर मांडला होता आणि त्याला गणपतीच्या भजनाचा स्पीकर जोडला होता. टिक, टिक, टिक असा ठोका सगळ्या डोहावर घुमत होता. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या.

पहिला डबा मानकऱ्याचा. अप्पा तो घेऊन पायरी उतरू लागले, आणि मी वाटेत उभी राहिले. 

"अप्पा, तुमका अडवूक मी कोण?" मी म्हटलं. "धुवा. पण पयला ह्या डब्यातलो एक थेंब ह्या बादलयेत घाला. आणि ता पाणी तुमच्याच हातान ह्या नाकार सोडा. मगे काय ता तुमी ठरवा."

"ह्या नाक कोणाचा?" अप्पांनी विचारलं. तीन दिवसांतला पहिला शब्द.

"पाल्याचा. त्या पिंजऱ्यातल्या पोरांसारख्याच एकाचा."

त्यांनी डबा खाली ठेवला. तळाशी बोट बुडवलं, निळा थेंब बादलीत सोडला. तो क्षणात दिसेनासा झाला. एका पाडेल्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "कायच नाय तेच्यात." अप्पांनी पेला भरून ते पाणी नाकाड्यावर सोडलं.

टिक, टिक. टिक. टिक.

मग काहीच नाही.

कोंडावरची दोनशे माणसं नाकाड्याभोवती सरकली. त्या ठोक्याची कानाला इतकी सवय झाली होती की तो थांबल्यावर अंगावर काटा आला.

"मेला?" अप्पांनी विचारलं. 

"मेला नाय. बधिर झाला. वरच्या धारेचा साफ पाणी घालीत रवलंव तर जागा होयत. येळ लागतलो."

अप्पा त्या दगडावर मांडी घालून बसले. पेल्याने पाणी घ्यायचं, नाकावर हळूच सोडायचं, पुन्हा घ्यायचं. कौस्तुभ पुढे झाला तर त्याला हाताने बाजूला केलं. शहात्तर वर्षांचा माणूस भर उन्हात तासभर बसला होता, आणि त्याला सोडून एकही जण घरी गेला नाही. माझ्या मनात नको ते येत होतं. पेशी खरंच मेल्या असल्या तर? एसटीतल्या त्या आपटण्याने आधीच अर्ध्या झाल्या असल्या तर? मी कसली शास्त्रज्ञ, पदर बोटाला गुंडाळून राखणदाराला हाका मारत होते.

टिक.

सगळ्यांनी माना वर केल्या. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. मग टिक, टिक.

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"पण अप्पानू," मागून कोणीतरी विचारलं, "वहिवाटीचा काय?"

अप्पा उठले, पाषाणीसमोर गेले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. त्यांचं गाऱ्हाणं मी बारा वर्षं ऐकत आले होते, पण त्या दिवशीचा आवाज वेगळा होता.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

"आज जी काय तुझी लेकरा तुझ्या दारात उभी असत, तेंच्या आधी हो आत्माराम परब उभो असा. कोंडात पयलो डबो ह्येना धुतलो. तू चाळीस वर्सा उपाशी रवलंस, तरी ह्येका समाजला नाय. ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आजपासून तुझ्या पाण्यात कोयतो धुतलो जायत, दोर धुतलो जायत, डबो धुतलो जावचो नाय. जो कोण धुयत, तेका तूच बघून घे. आणि ही जी काय पोरा तुझ्या पदरात घातली असत, तेंका वाट दाखव, दर्यात ने, आणि परत घराक घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटची आरोळी इतकी मोठी होती की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. अप्पांनी नारळ फोडला, आपला डबा उचलला आणि न धुताच घराकडे चालू लागले. त्यांच्यामागे बासष्ट डबे निघाले. मी तिथेच खाली बसून ढसाढसा रडले, आणि रडता रडता हसत होते.

डबे धुवायचे कुठे, यावर वाडीने आठवडाभर भांडून घेतलं, कारण भांडल्याशिवाय ठरलेलं आमच्याकडे टिकत नाही. शेवटी बागांच्या वरच्या अंगाला, विहिरींपासून लांब, चिऱ्याची एक टाकी बांधली. तळाशी करवंटीच्या कोळशाचा जाड थर. कोळसा तांबं धरून ठेवतो. वर निवळलेलं पाणी पुढच्या फवारणीच्या कालवणीला परत वापरायचं. ही युक्ती माझी नाही, केंद्राचीही नाही. "एक थेंब मासो मारता तर तो थेंब पोफळीकच घालूया, फुकट कित्याक घालवा?" असं म्हणणाऱ्या पाडेल्याची आहे.

पण ते पुढचं. धुणवळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा नेहमीसारखे भाताचं पान घेऊन कोंडावर गेले. मी चार पावलं मागे होते. चाळीस वर्षांत त्या दिवशी एकाही शिताला तोंड लागलं नव्हतं. त्यांनी मूठ सोडली. क्षणभर काही नाही. मग खालून एक काळी पाठ वर आली, मग दुसरी, मग सगळा डोह उकळल्यासारखा झाला. अप्पा पायरीवर बसले आणि हातातलं सगळं पान त्यांनी पाण्यात उपडं केलं.

"सुनबाय," ते म्हणाले, "घरात भात उरलेलो असा काय? घेवन ये."

मी धावत गेले. आमच्यातला अबोला तिथेच संपला.

*

कार्तिकात पिंजरे उघडले. तीस हजार पिल्लं वारळीतून खाली निघाली. आये खाडीच्या मुखाशी होडीत बसून होती, आणि मी तिच्याशेजारी. पाण्यात चांदीची चिल्लर सांडल्यासारखा थवा आला. खडकाआडून तांबोशी झेपावली, एक पिल्लू गेलं. त्याच क्षणी बाकीचा थवा असा फाकला की तांबोशीचं तोंड रिकामंच मिटलं.

आयेने गुडघ्यावर थाप मारली. "शाणी झाली गो पोरा!" ती ओरडली. मग दोन्ही हात उंच करून समुद्राला म्हणाली, "सांभाळ रे बाबा!"

पुढची दोन वर्षं वाट पाहण्यात गेली. त्याबद्दल काय सांगू? मी कामाला गेले, चिडचिड केली, कॅलेंडरकडे बघितलं. अप्पा रोज भात घालून आले की विचारायचे, "काय बातमी?" आणि मी मान हलवायची. केंद्राने नदीच्या मुखाशी पाण्याखाली मोजणीचं यंत्र बसवलं होतं. शंभर पाले वर चढले तर योजना चालू राहणार आणि दांड्याला जाळं टाकायची परवानगी मिळणार. तोवर आकडा शून्य.

दोन हजार पंचेचाळीसचा श्रावण. सोमवारी सकाळी यंत्राने एक मोजला. मला वाटलं, ओंडका असेल. दुपारपर्यंत सात झाले. मंगळवारी एकतीस. बुधवारी सकाळी मी कोंडावर गेले तेव्हा अप्पा पायरीवर उभे होते, भाताचं पान हातात तसंच. डोहात खडसांच्या काळ्या पाठींमधून लांबट, रुपेरी, हातभर अंगं सळसळत होती. दोन वर्षं समुद्रात भटकून, अख्खा किनारा सोडून, ती बरोबर ह्या डोहात परत आली होती. नाकाडो पाण्यात सोडला. टिक, टिक, टिक. गुरुवारी संध्याकाळी आकडा चारशे बारावर गेला आणि दांड्याच्या होड्या खाडीत उतरल्या. लोबोबाई फोनवर नुसत्या नाक शिंकरत राहिल्या.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, ओळखीची हाळी आली. चौदा वर्षांनी.

"पालो होयो काय गो, पालोऽऽ!"

मी स्वयंपाकघरातून धावले. आये बेड्याबाहेर उभी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीवर केळीचं पान. अंगावर ठेवणीतलं लुगडं. एसटीच्या कंडक्टरने मासे चढवायला नकार दिल्यावर तिने त्याला अठरा किलोमीटर काय काय ऐकवलं, ते पुढे गाडीतल्या लोकांकडून कळलं. मला बघून ती हसली नाही. नजर ओसरीवर होती.

गडी पुढे झाला. आयेने मानेनेच त्याला थांबवलं.

अप्पा ओसरीवरून उठले. काठी भिंतीला टेकवली. एकेक पायरी उतरत, अंगण ओलांडून ते बेड्यापर्यंत आले आणि त्यांनी दोन्ही हात पाटीला लावले. दोघांनी मिळून ती खाली घेतली.  पान बाजूला झालं. आत एकच पाला होता, हातभर लांब, उन्हात चकाकणारा.

"जड असा गो, विहीणबाय," अप्पा म्हणाले.

"असतलोच," आये म्हणाली. "चाळीस वर्सा लागली तेका येवक." मग तिने डोक्यावरची चुंबळ काढून कमरेला खोचली आणि पहिल्यांदाच माझ्या घराचा उंबरा ओलांडला. "चला, विळी खंय असा ती दाखवा. काटे लय असत तेच्यात, तुमच्यान कापूचो नाय."